बर्न्स-भोजन : स्वदेशाबाहेरील स्कॉटिश समाजाचा एक स्मृतिविधी

१

दरवर्षी २५ जानेवारीच्या रात्री स्कॉटलंडात, आणि स्कॉटिश लोक जेथे जेथे जाऊन स्थायिक झाले आहेत अशा बहुतेक देशांत, एक विशिष्ट प्रकारचे भोजन होते. रॉबर्ट बर्न्स या अठराव्या शतकातील कवीच्या जन्मदिनानिमित्त होणाऱ्या या समारंभास ‘बर्न्स सपर’ असे नाव आहे. प्रस्तुत लेखात त्यास बर्न्स-भोजन म्हटले आहे. कवींची स्मारके सर्वत्र असतात. परंतु एका कवीच्या स्मरणार्थ ठरलेले अन्न, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या भाषणांसह दोन शतकांहून अधिक काळ ग्रहण केले जावे, ही गोष्ट युरोपच्या वाङ्मयेतिहासात विरळ होय. आपल्याकडे संतांच्या पुण्यतिथीस भजन आणि भोजन यांची जी सांगड असते, तीच काहीशी येथे आढळते. मात्र ज्याचे स्मरण करावयाचे तो पुरुष संत नव्हता, आणि तो तसा नव्हता याची कबुली त्या पंक्तीत मोकळेपणाने दिली जाते.

हा समारंभ म्हणजे मूळ स्कॉटलंडातील एक राष्ट्रीय प्रथा असून देशांतरास गेलेल्या लोकांनी ती बरोबर नेली, असा सर्वसाधारण समज आहे. उपलब्ध माहितीचा क्रम लावून पाहिला असता हा समज अपुरा वाटतो. बर्न्स-भोजनाच्या उगमापाशीच घर सोडून गेलेल्या माणसांचा हात आहे, आणि त्याला आजचे व्यापक रूप आले तेही बव्हंशी अशाच माणसांमुळे. हे एकदा ध्यानात आले म्हणजे दुसरा एक प्रश्न सहजच उभा राहतो : सर्व मानवांच्या बंधुत्वाचा पुरस्कार करणाऱ्या कवीच्या नावाने मांडलेल्या या मेजापाशी परदेशांत कोण बसले आणि कोणाला जागा मिळाली नाही? या दोन गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम कवीच्या चरित्रातील काही गोष्टी सांगणे अवश्य आहे. रॉबर्ट बर्न्स याचा जन्म २५ जानेवारी १७५९ रोजी स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येकडील एअरशायर परगण्यात, ॲलोवे या खेड्यात झाला. त्याचा पिता विल्यम हा मूळचा ईशान्येकडील किंकार्डिनशायर परगण्यातला. तो पोटासाठी दक्षिणेकडे आला, प्रथम माळीकाम करू लागला आणि पुढे कुळाने शेती कसू लागला. म्हणजे कवीचे घराणे त्या गावात आगंतुकच होते. जमीन निकस, खंड जबर आणि कर्ज नित्याचे, अशा स्थितीत रॉबर्टचे बालपण नांगरामागे गेले.

इ. स. १७८६ मध्ये शेतीतील अपयश आणि खाजगी जीवनातील गुंतागुंत यांस कंटाळून त्याने वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर जाण्याचे ठरविले होते. तेथे उसाच्या एका मळ्यावर दुय्यम नोकरीची तजवीजही झाली होती. त्या काळी जमैकातील उसाचे मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत, आणि मळ्यावरील अशा नोकराचे काम या गुलामांवर देखरेख करणे हेच असे. प्रवासास लागणारा पैसा उभा करणे हाही एक हेतू मनात धरून त्याने किलमार्नॉक येथील जॉन विल्सन या मुद्रकाकडून आपला काव्यसंग्रह छापून घेतला. (मुंबईस विद्यालय स्थापन करणारे डॉ. जॉन विल्सन ते हे नव्हेत.) ३१ जुलै १७८६ रोजी निघालेल्या या आवृत्तीच्या ६१२ प्रती होत्या आणि प्रत्येकीची किंमत तीन शिलिंग होती. प्रती थोड्याच आठवड्यांत संपल्या. या यशामुळे जमैकाचा बेत मागे पडला आणि नोव्हेंबरमध्ये कवी एडिंबरोस गेला. पुढे त्याने पुन्हा शेती केली, अबकारी खात्यात नोकरी धरली, जुनी लोकगीते जमवून त्यांना नवे रूप दिले, आणि २१ जुलै १७९६ रोजी डम्फ्रीज येथे वयाच्या ३७ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

यांतील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. एक ही की, जगभर पांगलेल्या स्कॉटिश लोकांनी ज्याला आपला प्रतिनिधी मानले तो कवी स्वतः देशांतरास निघालेला होता, आणि केवळ पुस्तक खपले म्हणून राहिला. दुसरी ही की, त्याची काव्यभाषा बव्हंशी ‘स्कॉट्स’ ही होती. ही भाषा डोंगराळ भागातील गेलिक नव्हे. ती इंग्रजीची बहीण, परंतु उच्चाराने आणि शब्दसंपत्तीने वेगळी. इ. स. १७०७ मध्ये स्कॉटलंड व इंग्लंड यांच्या पार्लमेंटांचे एकीकरण झाल्यावर शिष्टवर्ग आपल्या बोलीतील स्कॉट्स शब्द वेचून काढून टाकण्याच्या खटपटीत असताना बर्न्सने तिला प्रतिष्ठेचे स्थान दिले. घरापासून दूर गेलेल्या माणसाला घरच्या बोलीची ओढ किती असते हे सांगावयास नको.

३

पहिले बर्न्स-भोजन २१ जुलै १८०१ रोजी, म्हणजे कवीच्या पाचव्या पुण्यतिथीस, ॲलोवे येथील त्याच्या जन्मघरी झाले. ते घर तेव्हा एअर येथील चर्मकारांच्या संघाच्या मालकीचे असून तेथे मद्यगृह चालत असे. नऊ जण जमले. त्यांत कवीचे स्नेही जॉन बॅलंटाईन आणि रॉबर्ट एकन हे होते. व्यवस्था हॅमिल्टन पॉल या धर्मोपदेशकाकडे होती. मेंढीचे डोके आणि ‘हॅगिस’ हे पदार्थ वाढण्यात आले, हॅगिसवरील बर्न्सची कविता म्हणण्यात आली, आणि कवीच्या नावाने प्याले घेण्यात आले. ही मंडळी स्थानिक होती, त्यांच्यापैकी काहींनी कवीला जवळून पाहिले होते, आणि हे स्नेह्यांचे स्मरण होते.

परंतु या स्मरणाला संस्थेचे रूप दिले ते दुसऱ्याच गावाने. त्याच वर्षी ग्रीनॉक येथे पहिले बर्न्स-मंडळ स्थापन झाले. ग्रीनॉक हे एअरशायरमध्ये नाही. क्लाइड नदीच्या मुखावरील ते बंदर असून अमेरिका व वेस्ट इंडीज यांच्याशी चालणाऱ्या व्यापारावर ते वाढले होते. मंडळाचे संस्थापक एअरशायरमध्ये जन्मलेले, परंतु व्यापारानिमित्त ग्रीनॉकमध्ये येऊन राहिलेले गृहस्थ होते. अंतर फार नव्हते. तरी गाव सोडले होते खरे, आणि आपल्या परगण्याच्या कवीच्या निमित्ताने एकत्र यावे असे त्यांना वाटले. पुण्यतिथीऐवजी जयंती साजरी करण्याचा पायंडा पडला तोही याच सुमारास. प्रारंभी जन्मतारीख २९ जानेवारी समजली जात असे, आणि ग्रीनॉकचे १८०२ मधील भोजन त्या तारखेस झाले. पुढे १८०३ मध्ये एअर येथील चर्चची जन्मनोंद पाहून २५ जानेवारी ही तारीख निश्चित झाली. संतांची पुण्यतिथी करावी असा आपल्याकडील जुना संकेत आहे. येथे मात्र मृत्यूचा दिवस सोडून जन्माचा दिवस धरण्यात आला, आणि त्यामुळे शोकाच्या जागी उत्सव आला. जुलैऐवजी जानेवारीत, शेतीची कामे थंडावलेली आणि रात्र मोठी असताना हा समारंभ येऊ लागला, ही सोयही लहान नव्हती.

४

आता या भोजनाचा विधी पाहू. यजमान पाहुण्यांचे स्वागत करतो, आणि ‘सेलकर्क ग्रेस’ या नावाची चार चरणांची प्रार्थना म्हटली जाते. ती बर्न्सच्या नावावर प्रसिद्ध असली तरी तिच्यासारखी प्रार्थना त्याच्या आधीपासून प्रचारात होती. सूप झाल्यावर मशकवाद्याच्या गजरात हॅगिसचे ताट मिरवत आणले जाते आणि सर्वजण उठून उभे राहतात. एक जण त्या पदार्थास उद्देशून लिहिलेली बर्न्सची कविता म्हणतो, आणि म्हणता म्हणता नेमक्या ठिकाणी सुरी चालवून हॅगिस कापतो. सोबत सलगम व बटाटे कुस्करून दिलेले असतात, आणि व्हिस्की असते. जेवणानंतर ‘अमर स्मृती’ या नावाचे मुख्य भाषण होते. त्यापाठोपाठ स्त्रियांच्या अभिनंदनाचे विनोदी भाषण आणि त्यास स्त्रियांच्या वतीने उत्तर, मग कवीची गीते, आणि शेवटी सर्वांनी हात हातांत गुंफून ‘ऑल्ड लँग साइन’ हे जुन्या मैत्रीचे गीत म्हणणे, असा क्रम आहे. हे गीत बर्न्सने एका जुन्या गीताच्या आधारे रचले, आणि ते १७९६ मध्ये, त्याच्या निधनानंतर, छापून निघाले.

हॅगिस म्हणजे मेंढीचे काळीज, हृदय व फुप्फुसे बारीक करून, त्यांत ओटचा भरडा, चरबी, कांदा व मिरे घालून, ते सारण मेंढीच्या जठराच्या पिशवीत भरून उकडलेला पदार्थ. चांगले मांस विकून जे उरते त्यांतून पोट भरण्याची गरिबांची ही युक्ती होती. बर्न्सची यावरील कविता डिसेंबर १७८६ मध्ये एडिंबरोच्या एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. म्हणजे राजधानीतील श्रीमंतांच्या मेजांवर नांगऱ्या कवी म्हणून त्याचे कौतुक चालले होते त्याच महिन्यात. फ्रेंच पद्धतीच्या नाजूक पक्वान्नांना हिणवून घरच्या जाड्याभरड्या अन्नाची थोरवी गाणारी ही विनोदी रचना आहे. तीत थट्टा आहे आणि अभिमानही आहे. परक्या शहरात परक्या चवीचे अन्न खावे लागणाऱ्या प्रत्येकास ती आपली वाटली तर नवल नाही. पुढे अमेरिकेत पशूंची फुप्फुसे अन्नात वापरण्यास १९७१ मध्ये मनाई झाली, तेव्हा तेथील स्कॉटिश मंडळींनी फुप्फुसांवाचून हॅगिस करून घेतले, परंतु हॅगिस सोडले नाही.

या विधीत धर्मपंथास प्रमुख स्थान नाही, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. स्कॉटलंडचे लोक पंथभेदाने अतिशय विभागलेले होते. १८४३ मध्ये तर राष्ट्रीय चर्च दुभंगून ‘फ्री चर्च’ वेगळे झाले. शिवाय डोंगराळ उत्तर आणि सखल दक्षिण यांच्यात भाषेचे व चालीरीतींचे अंतर होते. परदेशात मूठभर स्कॉटिश माणसे एकत्र येत, त्यांत हे सर्व भेद असत. प्रार्थनेस ती एका छपराखाली बसली नसती, पण भोजनास बसत. बर्न्स हा स्वतः सखल प्रदेशातला. मशकवाद्य आणि चौकड्यांचा पोशाख हे डोंगराळ प्रदेशाचे विशेष. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हापासून डोंगरी पोशाखाला सबंध राष्ट्राचा पोशाख म्हणून मान मिळाला, आणि कालांतराने दोन्ही धारा एकाच मेजावर येऊन मिळाल्या. जो स्कॉटलंड प्रत्यक्षात एकजीव नव्हता, तो या पंक्तीत एकजीव दिसू लागला.

५

इ. स. १८५९ मधील जन्मशताब्दी हा या इतिहासातील मोठा टप्पा होय. त्या वर्षीच्या २५ जानेवारीस ठिकठिकाणी झालेल्या सभा-भोजनांचे वृत्तांत जेम्स बॅलंटाईन याने एका जाड ग्रंथात एकत्र केले. त्याच्या गणतीप्रमाणे एकूण ८७२ समारंभ झाले : स्कॉटलंडात ६७६, इंग्लंडात ७६, आयर्लंडात १०, वसाहतींत ४८, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ६१ आणि डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे १. म्हणजे १९६ समारंभ स्कॉटलंडाबाहेरचे होते, आणि त्यांपैकी ११० ब्रिटिश बेटांच्याही बाहेरचे. बॅलंटाईनकडे वृत्तांत न पोचलेली ठिकाणे यात नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे. बॉस्टन येथील भोजनात इमर्सन या तत्त्ववेत्त्याने भाषण केले. पुढे जानेवारी १८६५ मध्ये वॉशिंग्टनच्या बर्न्स-मंडळाने अध्यक्ष लिंकन यांना कवीविषयी चार शब्द कळविण्याची विनंती केली. बर्न्सच्या कविता त्यांना तरुणपणापासून प्रिय होत्या, तरी त्याच्या योग्यतेचे शब्द आपणांस सुचत नाहीत अशा आशयाचे उत्तर त्यांनी लिहिले. १८८५ मध्ये निरनिराळ्या देशांतील मंडळांना एकत्र गुंफणारा संघ किलमार्नॉक येथे स्थापन झाला.

स्कॉटलंडातील ६७६ या आकड्यावरून मायदेशी उत्साह कमी होता असे म्हणता येणार नाही. परंतु मायदेशातील सभा ही अनेक सभांपैकी एक असे, आणि तेथील स्कॉटिश मनुष्याला आपण स्कॉटिश आहोत हे कोणास सांगावे लागत नसे. परदेशात ती वर्षातून एकदाच येणारी ओळखीची रात्र होती. नव्याने आलेल्या तरुणास नोकरी मिळवून देणे, निराधार विधवेस मदत करणे, मायदेशी परतणाऱ्यास भाडे देणे ही कामे परदेशांतील स्कॉटिश मंडळे करीत, आणि त्यांसाठी लागणारे परिचय अशा भोजनांतच होत.

६

या सर्व गोष्टी एकत्र पाहावयाच्या तर न्यूझीलंडमधील ड्युनेडिन या शहराचे उदाहरण घ्यावे. ओटागो प्रांतातील ही वसाहत स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या पाठिंब्याने १८४८ मध्ये स्थापन झाली. मार्च व एप्रिल महिन्यांत ‘जॉन विक्लिफ’ आणि ‘फिलिप लेंग’ ही जहाजे तेथे पोचली. शहराचे नाव एडिंबरोच्या गेलिक नावावरून ठेवण्यात आले. वसाहतीचे व्यवहारातील पुढारीपण कॅप्टन विल्यम कारगिल याजकडे आणि धार्मिक पुढारीपण रेव्हरंड टॉमस बर्न्स याजकडे होते. हा टॉमस बर्न्स म्हणजे कवीचा धाकटा भाऊ गिल्बर्ट याचा मुलगा. त्याचा जन्म १७९६ मधला, म्हणजे चुलता ज्या वर्षी वारला त्याच वर्षीचा. तो कडक शिस्तीचा धर्मोपदेशक होता. चुलत्याने मात्र धर्मोपदेशकांच्या ढोंगावर तिखट उपहास लिहिला होता आणि त्याबद्दल चर्चचा रोष पत्करला होता. अशा पुतण्याच्या हातून वसलेल्या धर्मनिष्ठ नगरात चुलत्याचा मान वाढावा, हा इतिहासाचा एक चमत्कारच म्हणावा लागेल.

१८६१ मध्ये ओटागोत सोने सापडले, देशोदेशीचे लोक लोटले, आणि फ्री चर्चची वसाहत हे मूळ रूप पालटले. टॉमस बर्न्स १८७१ मध्ये वारला. त्यानंतर सोळा वर्षांनी, २४ मे १८८७ रोजी, शहराच्या मध्यवर्ती अष्टकोनी चौकात कवीचा पुतळा उभा राहिला. जॉन स्टील या शिल्पकाराच्या या मूर्तीचीच भावंडे न्यूयॉर्क, डंडी व लंडन येथे आहेत. पुतळ्याची पाठ चर्चकडे आणि तोंड मद्यगृहाकडे आहे, असा विनोद त्या शहरात रूढ आहे. १८९१ मध्ये तेथे बर्न्स-मंडळ निघाले. आता गंमत अशी की, दक्षिण गोलार्धात २५ जानेवारी हा ऐन उन्हाळ्यातला दिवस. अंधाऱ्या, गोठलेल्या रात्रीसाठी योजलेले उकडलेले मांस आणि ऊब देणारे मद्य तेथे दिवस मावळण्यापूर्वीच मेजावर येते. तरीही तारीख बदलण्यात आली नाही. ज्या सोयीने जानेवारी महिना रूढ झाला ती सोय उरली नाही, पण तारीख उरली. कारण त्या दिवशी मायदेशीही हेच चालले असेल, ही जाणीव त्या लोकांना हवी होती.

परंतु ही वसाहत रिकाम्या भूमीवर झाली नव्हती. ती भूमी न्गाई ताहू या माओरी जमातीची होती. कित्येक लाख एकरांचा ओटागोचा प्रदेश ३१ जुलै १८४४ च्या करारान्वये अवघ्या २,४०० पौंडांस घेण्यात आला, आणि जमातीकडे निर्वाहापुरतीही जमीन राहिली नाही. त्याविषयीची गाऱ्हाणी पिढ्यान्‌पिढ्या मांडली गेली. अखेर वैतांगी न्यायाधिकरणाचा अहवाल १९९१ मध्ये आला, आणि १९९८ मध्ये कायद्याने भरपाई देऊन राजसत्तेच्या वतीने क्षमायाचना करण्यात आली. कुळाच्या मुलाने जमीनमालकांच्या जुलमाविषयी लिहिलेल्या कविता जेथे दरवर्षी म्हटल्या जात, तेथे शेजारी जमीन गमावलेले लोक राहत होते. त्यांचे दुःख आणि त्या कवितांतील दुःख एकाच जातीचे आहे, हे त्या मेजापाशी बसलेल्यांस दीर्घकाळ जाणवल्याचे दिसत नाही.

तथापि त्याच शहरात पुढे एक वेगळी गोष्ट घडली. ओटागो विद्यापीठाने १९५८ मध्ये कवीच्या नावाने लेखकांसाठी एक वार्षिक वृत्ती स्थापन केली. तिचा लाभ घेणाऱ्यांत १९६९ मध्ये होने तुव्हारे हा माओरी कवी होता. तो व्यवसायाने बॉयलर बांधणारा कारागीर होता. नांगरामागून आलेल्या कवीच्या नावाचा मान कारखान्यातून आलेल्या कवीस मिळाला. आणि तो कवी त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी होता. बर्न्सच्या नावाचा याहून योग्य उपयोग ड्युनेडिनमध्ये क्वचितच झाला असेल.

७

मेजापाशी कोण बसले, हा प्रश्न अमेरिकेतही होता. गुलामगिरीतून १८३८ मध्ये निसटलेला फ्रेडरिक डग्लस १८४६ मध्ये स्कॉटलंडात व्याख्याने देत असताना कवीच्या जन्मगावी गेला आणि कवीच्या वृद्ध बहिणीस भेटला. जानेवारी १८४९ मध्ये न्यूयॉर्क संस्थानातील रॉचेस्टर येथील बर्न्स-भोजनात त्याने भाषण केले. जो कवी गुलामांच्या मळ्यावर देखरेखीस जावयास निघाला होता, त्याच्या स्मरणाच्या पंक्तीत एक मुक्त झालेला गुलाम सन्मानाने बसला. यांतील विरोधाभास झाकण्याचे कारण नाही. बर्न्स जमैकास गेला असता तर त्याच्या बंधुत्वाच्या गीतांचे काय झाले असते, हा प्रश्न ‘अमर स्मृती’च्या भाषणांत अलीकडे विचारला जाऊ लागला आहे, तो पूर्वीच विचारला जावयास हवा होता. स्त्रियांचीही कथा अशीच. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक भोजने पुरुषांची असत, स्त्रियांचे अभिनंदन त्यांच्या अनुपस्थितीत होई, आणि स्त्रियांच्या वतीने द्यावयाचे उत्तरही पुरुषच देत. स्त्रियांनी स्वतः उत्तर देणे ही विसाव्या शतकाची कमाई होय.

हिंदुस्थानातील परिस्थितीचा उल्लेख केल्याविना हा विचार पुरा होणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या नोकरीत, तसेच ताग, चहा व जहाजांच्या व्यापारात स्कॉटिश लोकांचे प्रमाण मोठे होते. येथे त्यांचे सर्वांत मोठे वार्षिक भोजन बर्न्सच्या नावाचे नसून, राष्ट्रसंत मानल्या गेलेल्या सेंट अँड्र्यूच्या नावाने ३० नोव्हेंबरला होई. कलकत्त्याच्या या भोजनास व्हाइसरॉयही येत, आणि तेथील भाषणास राजकीय महत्त्व असे. ३० नोव्हेंबर १८८८ रोजी याच भोजनात लॉर्ड डफरिन यांनी राष्ट्रीय सभेवर टीका केली आणि तिच्यामागील सुशिक्षित वर्ग सूक्ष्मदर्शकाने शोधावा लागेल इतका अल्प आहे, असे सुचविले. या उद्गारांचे पडसाद देशभर उमटले.

पण स्कॉटिश समाज त्या एका मेजापुरता नव्हता. अवघ्या महिन्याभरात अलाहाबाद येथे राष्ट्रीय सभेचे चौथे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष जॉर्ज यूल होते. ते कलकत्त्यातील मातबर व्यापारी असून त्यांचा जन्म स्टोनहेव्हन येथला, म्हणजे बर्न्सच्या वडिलांच्याच परगण्यातला. १८८९ च्या मुंबई अधिवेशनाचे अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न हे एडिंबरोस जन्मलेले. मुंबई इलाख्यात दीर्घकाळ नोकरी केलेल्या या गृहस्थांनी शेतकऱ्यास सावकारी पाशातून सोडविण्यासाठी पुण्याच्या परिसरात शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली होती, आणि न्यायमूर्ती रानडे प्रभृतींचा तिला पाठिंबा होता. राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे वडील जोसेफ ह्यूम हेही स्कॉटलंडातील माँट्रोज येथले. सत्तेच्या मेजावर देशी माणसाला जागा नाही असे सांगणारे भाषण ज्या समाजाच्या पंक्तीत झाले, त्याच समाजातील माणसे त्या जागेची मागणी करणाऱ्यांच्या बाजूस जाऊन बसली. तेव्हा एखाद्या समाजाच्या सामुदायिक भोजनावरून त्या समाजाची परीक्षा करताना, त्या रात्री तेथे नसलेल्यांचीही गणना केली पाहिजे.

८

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला हा की, बर्न्स-भोजन ही मायदेशात पूर्ण घडून मग बाहेर गेलेली प्रथा नव्हे. ॲलोवेच्या नऊ जणांनी तिला अन्न आणि कविता दिली. तिला मंडळ, तारीख आणि सातत्य दिले ते ग्रीनॉकसारख्या ठिकाणी गाव सोडून आलेल्यांनी, आणि जगाच्या नकाशावर तिला नेऊन ठेवले ते समुद्रापार गेलेल्यांनी. दुसरा निष्कर्ष असा की, धर्मपंथ, परगणा आणि घराणे या तिन्ही भेदांना बाजूस ठेवणारे निमित्त देशांतरितांना आवश्यक होते, आणि एका गरीब कवीच्या नावाने गरिबाचेच अन्न खाणे हे ते निमित्त ठरले. तिसरा निष्कर्ष अधिक कठीण आहे. आपापसांतले भेद विसरावयास लावणारा विधी दुसऱ्याशी असलेला भेद आपोआप विसरावयास लावीत नाही. ओटागोची भूमी आणि जमैकाचे मळे ही याची साक्ष होत.

मायदेशातूनही या प्रथेवर कठोर टीका झालेली आहे. ह्यू मॅकडर्मिड या कवीने १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या दीर्घ काव्यात, बर्न्स न वाचताच त्याच्या नावाने जेवणाऱ्या जगभरच्या मंडळांची निर्भर्त्सना केली. ही टीका पुष्कळ अंशी यथार्थ आहे. तरीही डग्लसने त्या मेजापाशी उभे राहून केलेले भाषण आणि तुव्हारेला मिळालेली वृत्ती या गोष्टी त्याच प्रथेतून निघाल्या, हेही विसरता येत नाही. कवितेतील शब्द वर्षानुवर्षे मोठ्याने म्हटले जात राहिले, म्हणून ज्यांना प्रारंभी बोलावणे नव्हते त्यांना ते शब्द आपलेही आहेत असे म्हणण्याची संधी राहिली.

देशांतर केलेल्या समाजांचा इतिहास लिहिताना त्यांची सरकारदरबारची कागदपत्रे आणि व्यापाराच्या वह्या आपण तपासतो; त्यांच्या सणांची, पंक्तींची आणि त्यांत झालेल्या भाषणांची टिपणे सहसा पाहत नाही. बर्न्स-भोजनाच्या वृत्तांतांवरून अशा टिपणांत किती सामग्री दडलेली असते हे दिसून येते. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी समाजांच्या इतिहासासही हीच पद्धती लावून पाहण्यास हरकत नाही. तेथेही कोण कोणत्या निमित्ताने एकत्र आले, काय वाढले गेले, कोणती भाषा बोलली गेली आणि दाराबाहेर कोण राहिले, हे प्रश्न विचारता येतील.